घरातला त्रयस्थ

आपल्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक विषय असा असतो की, ज्यावर चर्चा झालेली मी आजवर पाहिलेली नाही. विषयपत्रिकेवर तो बहुधा शेवटून दुसरा असतो : 'पुढील वर्षाकरिता हिशेबतपासनिसाची नेमणूक करणे.' तोवर चहाचा वास सभागृहात दरवळू लागलेला असतो. कोणीतरी म्हणते, "गेल्या वर्षीचेच राहू द्या." दुसरे कोणी बसल्या जागेवरून अनुमोदन देते आणि विषय संपतो. गेल्या सभेत मात्र एका तरुण सभासदाने मध्येच विचारले, "हे तपासनीस आहेत तरी कोण?" त्यावर आमच्यातील एका ज्येष्ठांनी समजावणीच्या सुरात सांगितले, "अरे, आपलाच माणूस आहे." तरुणाचे समाधान झाले. आम्ही सारे चहाकडे वळलो.

घरी परतताना ते तीन शब्द माझ्या मनात घोळत राहिले. मी राज्य शासनाच्या लेखापरीक्षण खात्यात चौतीस वर्षे काढली. आमच्याकडे हिंदीत या कामाला 'संपरीक्षा' म्हणतात. त्या चौतीस वर्षांपैकी तीन वर्षे, १९९६ ते १९९९, मी एका विद्यापीठात, त्याच्याच आवारात बसून त्याचे हिशेब तपासले. त्या तीन वर्षांत जे शिकलो आणि जे चुकलो, ते या तीन शब्दांभोवतीच फिरते. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच घरात राहणारा माणूस त्रयस्थ राहू शकतो काय, आणि राहायचे म्हटले तर त्यासाठी काय लागते, हा प्रश्न मी या लेखात वाचकांपुढे ठेवू इच्छितो. प्रश्न विद्यापीठाच्या निमित्ताने मांडत असलो तरी तो केवळ विद्यापीठाचा नाही, हे शेवटी ध्यानात येईल.

प्रथम विद्यापीठाच्या पैशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण बाहेरच्या माणसाला विद्यापीठ म्हणजे ग्रंथालय, व्याख्याने आणि पदवीदान समारंभ एवढेच दिसते. हिशेबाच्या वहीतून पाहिले की निराळे चित्र दिसते. राज्य विद्यापीठाच्या तिजोरीत शासनाचे अनुदान येते, विद्यापीठ अनुदान आयोगाकडून विशिष्ट कामांसाठी निधी येतो, संशोधन प्रकल्पांचे पैसे येतात, संलग्न महाविद्यालयांकडून शुल्क येते; आणि या सर्वांबरोबर परीक्षाशुल्क येते. माळव्यातल्या एखाद्या खेड्यातील शेतकरी सोयाबीन विकून मुलीचे परीक्षाशुल्क भरतो, तेव्हा तोही या तिजोरीत भर घालत असतो. वसतिगृहातील मुलांच्या अनामत रकमा तेथेच असतात. आपल्यापैकी कित्येक घराण्यांनी वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ सुवर्णपदकासाठी ठेवी दिलेल्या आहेत, त्याही तेथेच असतात. ती ठेव स्वतंत्र आहे की सर्वसाधारण खात्यात मिसळली, तिच्या व्याजातून पदक दिले जाते की व्याज दुसरीकडेच खर्ची पडते, हे देणगीदाराच्या नातवाला सहसा ठाऊक नसते. ते पाहणारा कोणीतरी असला पाहिजे.

पाहणारे तसे अनेक आहेत. संसदेच्या १९७१ च्या कायद्यानुसार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक शासकीय अनुदानावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थांचे लेखे तपासू शकतात. केंद्रीय विद्यापीठांचे वार्षिक लेखे त्यांच्या अहवालासह संसदेपुढे ठेवले जातात. राज्यांत स्थानिक निधी लेखापरीक्षेची खाती आहेत. परंतु ही तपासणी बहुतांशी वर्ष संपल्यावर होते. आक्षेप निघतो तोवर खरेदी झालेली असते, यंत्र गंजलेले असते आणि सही करणारा अधिकारी बदलून गेलेला असतो. म्हणून घरातच एक तपासनीस असावा लागतो. तो वर्षभर संस्थेत वावरतो. ज्याने मागणी केली त्यानेच माल स्वीकारला आणि त्यानेच देयक मंजूर केले, असे तर होत नाही ना. उत्तरपत्रिकांच्या छपाईचे एक मोठे काम दहा तुकड्यांत विभागून निविदेची मर्यादा चुकविली जात नाही ना. परीक्षाकेंद्रांना दिलेल्या अग्रिम रकमांचा हिशेब वर्षानुवर्षे पडून नाही ना. साठा नोंदवहीतील सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत खरोखर आहेत ना, हे तो पाहतो. चोर पकडणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. चोरीला जागाच राहू नये अशी घडी बसली आहे किंवा नाही, हे पाहणे त्याचे काम. अंतर्गत लेखापरीक्षण म्हणतात ते हेच.

आता अडचण अशी की, हा माणूस ज्या खुर्चीवर बसतो ती विद्यापीठाची, जो कागद वापरतो तो विद्यापीठाचा, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणारा हातही विद्यापीठाचाच. केंद्रीय विद्यापीठांत अंतर्गत लेखापरीक्षण अधिकाऱ्याचे पद सामान्यतः प्रतिनियुक्तीने भरले जाते. बाहेरच्या लेखासेवेतील माणूस काही वर्षांसाठी येतो. कल्पना चांगली आहे. परंतु मुदतवाढ हवी असेल तर शब्द कोणाचा लागणार? ज्याचे देयक तपासायचे, त्याचाच.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. पेशवाईत मामलतदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस असे आठ दरकदार असत. त्यांची नेमणूक वरून होई आणि मामलतदाराला त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नसे. त्यांच्या हातून गेल्याशिवाय कागद पुरा होत नसे. ते मामलतदाराच्या कचेरीत बसत, त्याच्या पंक्तीला जेवत, पण त्याचे नोकर नसत. त्याही आधी, शिवकालात, गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे अधिकारी ठेवण्याची पद्धत होती. एकट्याच्या मर्जीवर गड राहू नये हा त्यामागील हेतू. तेव्हा 'आतला पण स्वतंत्र' ही कल्पना साहेबाने शिकवलेली नाही. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांपैकी कितीतरी घराणी हीच कामे करीत आली.

पण त्या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दरकदारी वतनी झाली. बाप फडणीस म्हणून मुलगा फडणीस झाला. ज्याला कोणी काढू शकत नाही, त्याला जाब तरी कोण विचारणार? पुढे कामे गेली आणि आडनावे तेवढी उरली. म्हणजे केवळ 'काढता येत नाही' एवढ्याने स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. तपासणाऱ्याचे काम पाहणाराही कोणी असावा लागतो.

आपल्या राज्यघटनेने हा तोल बारकाईने साधला आहे. अनुच्छेद १४८ प्रमाणे महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, त्याच कठीण रीतीने, पदावरून दूर करता येते. नेमणुकीनंतर त्यांच्या सेवाशर्तींत त्यांचे नुकसान होईल असा बदल करता येत नाही. आणि ज्या तरतुदीचे मला नेहमी कौतुक वाटत आले ती अशी की, पदावरून उतरल्यावर त्यांना केंद्र वा राज्य शासनात दुसरे कोणतेही पद स्वीकारता येत नाही. भीती दूर करावी एवढेच घटनाकारांना पुरेसे वाटले नाही; आशाही दूर करावी असे त्यांना वाटले. माणूस भीतीने जितका वाकतो, त्याहून अधिक आशेने वाकतो, हे त्यांनी ओळखले होते.

अंतर्गत लेखापरीक्षकाला इतके कवच देता येणार नाही, हे उघड आहे. तो संस्थेतलाच असतो. अमेरिकेत १९४१ साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स' या संस्थेने यावर एक तोडगा रूढ केला. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तिच्या नव्या मानकांतही तो कायम आहे. लेखापरीक्षण प्रमुखाने रजा, भत्ते, कचेरीची व्यवस्था अशा दैनंदिन बाबींपुरते संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याच्या अधीन असावे; परंतु काय तपासायचे, काय आढळले आणि त्याचे पुढे काय झाले, याविषयी तो थेट नियामक मंडळाला उत्तरदायी असावा. त्याची नेमणूक आणि गच्छंतीही मंडळाच्या हाती असावी. थोडक्यात, त्याच्या खोलीला दोन दारे असावीत, आणि अहवालाचे दार मुख्य अधिकाऱ्याच्या दालनात उघडू नये.

आपल्या राज्य विद्यापीठांत नेमके येथेच पाणी मुरते. विद्यापीठाचे नियामक मंडळ म्हणजे आमच्याकडे कार्यपरिषद, महाराष्ट्रात व्यवस्थापन परिषद. तिचे अध्यक्ष असतात कुलगुरू. मध्य प्रदेशात पूर्वी त्यांना कुलपती म्हणत, २०२४ साली आमच्याकडेही 'कुलगुरू' हा शब्द आला. शब्द बदलला, खुर्ची तीच राहिली. लेखापरीक्षकाने कुलगुरूंना वगळून अहवाल कार्यपरिषदेकडे पाठवला तरी तो दुसऱ्या दाराने त्याच दालनात जातो. कुलगुरू दुष्ट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी ज्यांच्याबरोबर काम केले ते विद्वान आणि सज्जन गृहस्थ होते. मुद्दा एवढाच की, आपल्याविषयीच्या तक्रारीचा निवाडा आपणच करावा अशी व्यवस्था सज्जनालाही संकटात टाकते.

येथे प्राध्यापक मित्रांचा एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, विद्यापीठ म्हणजे पाटबंधारे खाते नव्हे. संशोधनाला मोकळीक हवी. तपासनीस आला की तो सर्वांत स्वस्त सूक्ष्मदर्शक घ्यायला लावतो, परिसंवादातील चहाच्या कपांचा हिशेब विचारतो आणि लाखोंचा घोटाळा मात्र त्याच्या चष्म्यातून निसटतो. हा आक्षेप बराचसा खरा आहे, हे मी आमच्या व्यवसायातील माणूस म्हणून मान्य करतो. प्रवासभत्त्याच्या देयकातील अठरा रुपयांवर दोन पाने लिहिणारे आणि इमारतीच्या कंत्राटापाशी लेखणी थांबवणारे लेखापरीक्षक मी पाहिले आहेत. लहान आक्षेप सोपा असतो. त्याने कोणी बलवान माणूस दुखावत नाही आणि काम केल्याचे समाधानही मिळते. जो विषय समजत नाही त्यावर अधिकाराने बोलणे याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. कोणता विषय शिकवावा, कोणते संशोधन करावे, कोणता ग्रंथ विकत घ्यावा, हे ठरवण्याचा लेखापरीक्षकाला अधिकार नाही. ठरलेल्या कामाचा पैसा त्या कामावर, ठरलेल्या रीतीने खर्च झाला किंवा नाही, एवढेच त्याने पाहावे. विद्यापीठाची स्वायत्तता आणि लेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य यांत विरोध नाही. ज्या संस्थेचा हिशेब आतूनच स्वच्छ राहतो, तिच्या कारभारात हात घालण्याचे निमित्त शासनाला सहजी मिळत नाही.

दुसरी एक अडचण आमच्याच कामात दडलेली होती. माझ्या वेळी विद्यापीठाची मोठी देयके चुकती होण्यापूर्वी आमच्या टेबलावरून जात. आमची मोहोर उमटल्याशिवाय धनादेश निघत नसे. वरवर पाहता हा केवढा अधिकार! पण ज्या देयकावर मी आज मोहोर उमटवली, ते उद्या चुकीचे होते असे मी कोणत्या तोंडाने लिहिणार? निर्णयात भाग घेतला की त्रयस्थपणा संपतो. म्हणूनच वर सांगितलेल्या मानकांत असा दंडक आहे की, जे काम आपण स्वतः सांभाळले त्याची तपासणी किमान वर्षभर तरी करू नये. आमच्याकडे कारकुनापासून कुलसचिवापर्यंत प्रत्येक जण म्हणे, "ऑडिटने पास केले आहे." आमची मोहोर ही त्यांची ढाल झाली होती.

आता जे सांगायचे ते मी आजवर लेखी कोठे सांगितलेले नाही. त्या विद्यापीठाचे नाव देत नाही. तेथील संबंधित मंडळींपैकी कित्येक आज हयात नाहीत, आणि चूक मुख्यतः माझी होती.

मी रुजू झालो तेव्हा शहरात घर मिळेना. आई आजारी होती. त्या वेळचे कुलगुरू आपल्या मंडळींपैकी, मूळचे ग्वाल्हेरकडचे. त्यांना हे कळताच त्यांनी प्राध्यापकांसाठी असलेले एक रिकामे घर मला देवविले. मी संकोच दाखवला तेव्हा म्हणाले, "अहो, त्यात काय झालं? तुम्ही आपलेच आहात." पुढे एका रात्री आईला अत्यवस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी पाठवली आणि पहाटेपर्यंत रुग्णालयाच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. आई त्यातून उठली. त्या माणसाविषयी मला आजही आदर आहे.

दुसऱ्या वर्षी तपासणीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दैनिक वेतनावरील कर्मचारी, म्हणजे माळी, सफाई कामगार, वसतिगृहातील स्वयंपाकी यांच्या वेतनातून भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा दरमहा कापला जात होता. पण गेले सुमारे दीड वर्ष तो निधी कार्यालयात भरलाच गेला नव्हता. रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात होती. कोणी ती खाल्ली नव्हती. अनुदान उशिरा येई आणि तोवर नियमित कर्मचाऱ्यांचे पगार या पैशातून भागवले जात. कामगाराच्या वेतनातून कापलेला हिस्सा न भरणे हा कायद्याने फौजदारी विश्वासघात ठरतो. मी परिच्छेदाचा मसुदा तयार केला. त्याचा क्रमांक चौदा होता, हे मला अजून आठवते.

कुलसचिव माझ्याकडे आले. "रावसाहेब," ते म्हणाले, "अनुदान आलं की दुसऱ्या दिवशी भरतो. अहवालात आलं तर कार्यपरिषदेत बोभाटा होईल. वृत्तपत्रं तर वाटच पाहताहेत. कुलगुरूंची मुदत सहा महिन्यांवर आली आहे. जाता जाता त्यांच्या नावाला डाग कशाला?" मी म्हणालो, विचार करतो. संध्याकाळी कुलगुरू आवारात फिरताना भेटले. त्यांना सारे ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, "तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. माझ्याकडे पाहू नका." आणि आईच्या प्रकृतीची चौकशी करून पुढे गेले.

त्यांनी दबाव आणला असता तर बरे झाले असते, असे मला पुढे कित्येकदा वाटले. दबावाला मी तोंड दिले असते. तेवढा ताठा त्या वयात होता. पण त्या रात्रीच्या रुग्णालयातील बाकाला मी तोंड देऊ शकलो नाही. मी परिच्छेद चौदा अहवालातून काढला आणि तोच मजकूर कुलसचिवांना अर्धशासकीय पत्राने कळवला. लिहिले नाही असे नव्हे. जेथे लिहायला हवे होते तेथे लिहिले नाही. त्यामुळे ती गोष्ट ना कार्यपरिषदेपुढे आली, ना माझ्या संचालकांपुढे. मी मनाची समजूत घातली की काम झाले पाहिजे, बोभाटा कशाला? सहा महिन्यांनी कुलगुरू सन्मानाने निवृत्त झाले. वर्षभरात माझी बदली झाली आणि पाठोपाठ कुलसचिवांचीही. ते पत्र कोणत्या नस्तीत गेले कोणास ठाऊक.

२००२ साली दुसऱ्या कामानिमित्त मी त्या आवारात गेलो. लेखाशाखेच्या बाहेरच्या बाकावर एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसली होती. जुन्या लेखापालाने मला हळूच सांगितले की, ती वसतिगृहाच्या माळ्याची विधवा. नवरा जाऊन आठ महिने झाले. निधीच्या खात्यात मधल्या काळाचा भरणाच नाही, म्हणून प्रकरण अडकले आहे. मी त्या माळ्याला ओळखत होतो. माझ्या घरापुढची जास्वंद त्यानेच लावली होती. बाईने मला ओळखले, नमस्कार केला आणि विचारले, "साहेब, आमचं कधी होईल?" तिला वाटले, मी अजून तेथेच आहे.

पुढे विद्यापीठाने सर्वांची थकबाकी व्याज व दंडासह भरली, असे मला कळले. ती रक्कम आली कोठून? सर्वसाधारण खात्यातून, म्हणजे काही अंशी त्या सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीच्या परीक्षाशुल्कातून. एका सज्जन गृहस्थाचे नाव मी राखले, आणि त्याची किंमत माळ्याच्या बायकोने आणि त्या मुलीने चुकती केली. मला कोणी दोष दिला नाही. कोणाला ठाऊकच नव्हते.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. प्रथम वाटे की, मी कमकुवत निघालो, एवढाच याचा अर्थ. नंतर मात्र जाणवले की मी कृतज्ञतेसारखी एक चांगली गोष्ट चुकीच्या जागी वापरली. आपल्या संस्कृतीत खाल्ल्या मिठाला जागणे हा मोठा गुण मानला आहे आणि तो आहेच. पण मीठ कोणाचे होते? ते घर कुलगुरूंचे नव्हते, विद्यापीठाचे होते. गाडीही विद्यापीठाचीच होती. त्यांचे स्वतःचे होते ते त्या रात्रीचे जागरण. त्या जागरणाची फेड मी माझ्या खिशातून करायला हवी होती; मी ती माळ्याच्या खात्यातून केली. संस्था आणि संस्थेच्या खुर्चीवर आज बसलेला माणूस या दोन गोष्टी आपण एक समजतो, तेथे घोटाळा होतो. अंतर्गत लेखापरीक्षकाची निष्ठा संस्थेशी असते. खुर्चीवरच्या माणसाशी त्याचे नाते सौजन्याचे असावे, निष्ठेचे नव्हे.

आणि त्याचे स्वातंत्र्य हा त्याचा मान नव्हे. आमच्या खात्यात काही जण स्वातंत्र्य म्हणजे आपला रुबाब समजत. वस्तुतः ते ज्यांना त्या दालनात कधीच खुर्ची मिळणार नाही, त्यांच्या वतीने सांभाळायचे असते. कुलसचिव माझ्यासमोर बसले होते, कुलगुरू वाटेत भेटले होते. माळी मात्र कोठेच समोर नव्हता. जो समोर असतो त्याची अडचण आपल्याला दिसते. जो नसतो त्याची बाजू घेण्यासाठीच तर या पदाची योजना आहे.

मग लेखापरीक्षकाने कोणाशी स्नेहच ठेवू नये काय? कोणाच्या घरच्या लग्नाला जाऊ नये, हळदीकुंकवाला पत्नीला पाठवू नये? असा कोरडेपणा मला पटत नाही आणि आपल्यासारख्या परप्रांतातील लहान समाजात तो शक्यही नाही; येथे दर दुसरा माणूस कोणाचा तरी मावसभाऊ असतो. मी स्वतःपुरती एक कसोटी पुढे ठरवली. जी गोष्ट अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिण्याची माझी तयारी नाही, ती स्वीकारायची नाही. 'हा लेखापरीक्षक कुलगुरूंनी विशेष बाब म्हणून दिलेल्या घरात राहतो' असे वाक्य त्या अहवालाच्या आरंभी मला लिहावे लागले असते, तर परिच्छेद चौदा काढण्याचे धाडस मला झाले नसते. जो संबंध उघड सांगितला जातो त्याचा दोष बराच कमी होतो.

परंतु सारा भार एका माणसाच्या कसोटीवर टाकणे हा व्यवस्थेचा पळपुटेपणा होय. विद्यापीठात लेखापरीक्षण समिती असावी, तिचा अध्यक्ष बाहेरचा असावा आणि कुलगुरू तिचे सदस्य नसावेत. अंतर्गत लेखापरीक्षकाची नेमणूक, मुदत आणि मूल्यमापन त्या समितीने करावे. मुदत ठरलेली असावी आणि वाढवून मिळण्याची सोय नसावी. त्याच्या निवासाची व्यवस्था नियमाने व्हावी, कृपेने नव्हे. त्याने देयके मंजूर करू नयेत. त्याचा प्रत्येक परिच्छेद, प्रशासनाच्या उत्तरासह, समितीपुढे जसाच्या तसा जावा. वगळायचा तर समितीने वगळावा, लेखापरीक्षकाने एकट्याने नव्हे. आणि त्याचे स्वतःचे काम दर काही वर्षांनी बाहेरच्या कोणी तपासावे, म्हणजे दरकदारीचे वतन होणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य नागरिकालाही असे अहवाल मागण्याची वाट खुली केली आहे. पण जे अहवालात लिहिलेच गेले नाही ते कोणत्या कायद्याने मागणार?

कोणी म्हणेल, इतके नियम म्हणजे भल्या माणसांवर अविश्वास नव्हे काय? मला उलट वाटते. माझ्या वेळी असे नियम असते, तर कुलगुरूंना त्या संध्याकाळी 'माझ्याकडे पाहू नका' असे म्हणण्याची वेळ आली नसती आणि मलाही त्यांच्याकडे पाहावे लागले नसते. त्यांचा उपकार उपकारच राहिला असता.

आता पुन्हा आपल्या मंडळाकडे येतो. मंडळाची उलाढाल विद्यापीठाच्या पुढे काहीच नाही. तरी गणेशोत्सवाची वर्गणी आहे, इमारत निधी आहे, गरजू विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या देणग्या आहेत, आणि ज्यांनी त्या दिल्या त्यांतील अनेक जण आज सभेला येण्यासाठी हयात नाहीत. आपले विद्यमान तपासनीस सचोटीचे गृहस्थ आहेत, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही येत्या सभेत मी असा ठराव मांडणार आहे की, हिशेबतपासनीस कार्यकारिणीतील कोणाचाही नातलग नसावा, दर तीन वर्षांनी तो बदलावा आणि त्याचा अहवाल चहापूर्वी, सर्वांसमोर, त्याने स्वतः वाचावा. काहींना राग येईल, हे मी जाणून आहे. विद्यमान तपासनीस माझे व्याही आहेत, त्यामुळे सुरुवात आमच्याच घरापासून होईल. सभासदांनी या ठरावाचा विचार करून यावे, एवढीच विनंती.